धनुष्याच्या आवाजाचा बंदोबस्त

आमच्या इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीपलीकडे, डोंगराच्या बाजूला मी रोज सकाळी बाण मारते. याबद्दल सोसायटीत कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आवाजाची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे प्रकरण करणीपर्यंत गेलं आणि मूळ मुद्दा काय होता हे कमिटीच्याही लक्षात राहिलं नाही.

बाण मारते म्हणजे खरोखरीचे मारते. बहात्तर वर्षांच्या बाईनं असं म्हटलं की लोकांना वाटतं ही टोमण्यांबद्दल बोलतेय. माझे गुडघे जुने आहेत, पण डोळे नवे आहेत. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून मला समोरच्या गच्चीत वाळत घातलेल्या पापडातली मिरी दिसते. अशी दृष्टी नुसती मालिका बघण्यात घालवायची म्हणजे अन्न टाकून देण्यासारखंच.

धनुष्य माझ्याकडे आलं ते वारसाहक्कानं. आमच्या लहानपणी थोरल्या बहिणीचा फ्रॉक धाकटीकडे यायचा. आता नातवंडांचे टाकलेले छंद आजीकडे येतात. आमची नात रुतिका दुसरीत असताना तिचा सिंथेसायझर आला. त्यावर मी अजून आरत्या वाजवते, फक्त त्याच्या पोटातला ढोल बंद कसा करायचा ते कोणालाच माहीत नसल्यामुळे आमच्याकडे आरती जरा वरातीसारखी होते. मग रंगांच्या पेट्या आल्या. स्केट्स आल्या, त्या मात्र पायात गेल्या नाहीत म्हणून मी वाचले. रुतिका अकरावीला गेली, क्लास लागले आणि तिचं धनुष्य कपाटावर चढलं. मुलगा म्हणाला, फोटो टाकतो, कोणीतरी विकत घेईल. मी म्हटलं, थांब जरा, आधी मला बघू दे.

हे चित्रात देवांच्या हातात असतं तसलं साधं धनुष्य नव्हे. याला कंपाउंड म्हणतात. दोन्ही टोकांना कप्प्या असतात, विहिरीवर असायची तशी, आणि दोरी त्यांच्यावरून फिरते. ओढायला लागलं की सुरुवातीला खांदा देवाचं नाव घेतो, आणि पूर्ण ओढलं की एकाएकी वजन नाहीसं होतं. मग आरामात धरून उभं राहायचं, नेम धरायचा आणि हातातली कळ दाबायची. पन्नास वर्षांच्या संसारात मी पुष्कळ काही ओढलं, पण पूर्ण ओढल्यावर हलकं झालेलं हे पहिलंच.

रुतिकाचे मितेश सर दर रविवारी नेरूळच्या मैदानावर शिकवतात. त्यांनी किल्लीनं धनुष्याचा ताण माझ्या वयाला झेपेल एवढा कमी करून दिला. "आजी, तुम्ही फुल फिट आहात," असं ते म्हणाले, आणि मग पुढाकार घेऊन त्यांनी माझं नाव जिल्ह्याच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत घालून टाकलं. साठीवरच्या महिलांच्या गटात आम्ही दोघीच. म्हणजे पदक ठरलेलंच होतं, फक्त कुठल्या धातूचं एवढंच बाकी होतं.

दुसरी जी होती ती जाई सबनीस निघाली, आणि तिथेच माझा खेळ संपून लढाई सुरू झाली.

जाई आणि मी वाशीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये शेजारी शेजारी बसत होतो. ती माझ्यानंतर लागली आणि माझ्याआधी सुपरवायझर झाली. तिच्या मुलाला कॅनडात नोकरी, सुनेला कॅनडात नोकरी, आणि मला वाटतं कुत्र्यालाही तिथेच कुठेतरी लावून घेतलेलं आहे. कधीही भेटली की मान तिरकी करून विचारते, "मग, सध्या काय?" या प्रश्नाला आयुष्यभर मला "काही नाही गं, चाललंय" एवढंच उत्तर देता आलं. यावेळी मला दुसरं उत्तर द्यायचं होतं. त्यासाठी रोजचा सराव हवा होता, आणि सरावासाठी डोंगराकडचा तो पट्टा. मागे उभा कातळ, त्याला टेकवलेला फोमचा जाडजूड ठोकळा, बाजूला माणसाची वर्दळ नाही. सगळ्या बेलापुरात याहून सुरक्षित जागा मिळाली नसती.

त्या पट्ट्याला लागून तळमजल्यावर सुनयनाबाईंचं घर आहे. त्या चार वर्षांपूर्वी इथे आल्या. सकाळी ऑनलाइन मौनसाधना घेतात. त्यांचे साधक दुबईत आहेत, न्यू जर्सीत आहेत, एक लातूरला आहे. सुनयनाबाई हळू आवाजात सांगतात, "मन आता अगदी निवांत तळ्यासारखं झालंय," आणि त्याच वेळी खिडकीबाहेरून माझ्या धनुष्याचं ठण्ण आणि मागोमाग फोमचं धप्प. तळ्यात म्हैस पडल्यासारखं होत असणार, हे मी नाकारत नाही.

सेक्रेटरी इंद्रजित घरी आला. मुलाच्याच वयाचा आहे, मूळचा कराडकडचा. सोसायटीचं काम आपल्यालाच का करावं लागतं याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर कायम असतं.

"काकू, मला वैयक्तिक काही प्रॉब्लेम नाही बरं का. माझी आई तर तुमचे व्हिडिओ गावाला पाठवते. पण लेखी तक्रार आलीय."

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय की धक्कादायक ध्वनी. रविवारच्या सभेत विषय घ्यावा लागणार. त्याच्या आत आवाज बंद झाला तर मी विषय काढून टाकतो. नाही झाला तर तो पट्टा बंद करावा लागेल."

"अरे, आम्ही इथे राहायला आलो तेव्हा या डोंगरावर खाणी होत्या. रोज दुपारी भोंगा व्हायचा आणि मग सुरुंग. कपाटातले पेले एकमेकांना भेटायला जायचे. भोंगा ऐकला की मी आमटीवर झाकण ठेवायची, वरून चुना पडायचा म्हणून. कोणी तक्रार केली का?"

"कोणाकडे करणार, काकू? तेव्हा सोसायटी रजिस्टर कुठे झाली होती?"

खरं सांगायचं तर तेव्हा शेजारच्या इमारतीत माणसंच नव्हती. संध्याकाळी डोंगरावरून कोल्हे ओरडायचे, तेवढीच काय ती सोबत. एखाद्या दिवशी कोल्हे ओरडले नाहीत तर आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं.

आमचे हे म्हणजे दिलीपराव, आयुष्यभर सरकारी कचेरीत मसुदे करत होते. त्यांनी लगेच चष्मा लावला. "उत्तर देऊ. 'आपल्या पत्रातील धक्कादायक या शब्दाची व्याख्या कळवावी.' यात किमान दोन महिने जातात." मग त्यांनी फोनवर आवाज मोजण्याचं काहीतरी उतरवून घेतलं आणि घरभर मोजत फिरले. आमचा मिक्सर माझ्या धनुष्याच्या वर निघाला. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची मिक्सरच्याही वर निघाली. सगळ्यात वर निघाली ती ह्यांची शिंक. हा तपशील त्यांनी मसुद्यात घेतला नाही.

रुतिकानं पुस्तकातून डोकं वर काढून सांगितलं, "आजी, डॅम्पनर मिळतात. दोरीला लावायचे रबरी तुकडे. दोरीचं थरथरणं कमी होतं, आवाज बसतो."

मी मितेश सरांना फोन लावला. ते म्हणाले, "नाय आजी, गरज नाय. ते शिकारवाले लावतात. हरणाला आवाज जाऊन ते पळू नये म्हणून. आपलं टार्गेट कागदाचं, त्याला कुठे कान आहेत?"

"सर, माझं हरीण तळमजल्यावर राहतं आणि ध्यान शिकवतं."

"मग लावून बघा. पण दोरीला वजन झालं की बाण थोडा खाली जाणार. नेम धरायची साइट पुन्हा लावावी लागेल."

रुतिकानं मला ते डॅम्पनर मोबाईलवर दाखवले. सुरवंटासारखे चार रबरी तुकडे. त्यांची किंमत पाहून मी मोबाईल पालथा ठेवला. रबराला एवढे पैसे द्यायचे आणि घरात रबर पडून आहे. आमच्या स्वयंपाकघरात एक खण आहे, त्यात दुधाच्या पिशव्यांची, मिठाईच्या खोक्यांची, औषधांच्या पुडक्यांची अशी गेल्या कित्येक वर्षांची रबरं जमवलेली आहेत. कधीतरी लागतील म्हणून. तो कधीतरीचा दिवस उगवला याचा मला केवढा आनंद झाला.

ती सगळी रबरं दोरीला गुंडाळली. पहिल्याच बाणाला त्यांची निम्मी हवेत गेली आणि उरलेली माझ्या नाकावर आली. मग कुकरची जुनी रिंग कापून तिचे जाड तुकडे बांधले. आवाज खरंच बसला. मी खूश होऊन वर आले तर कुकर सगळ्या बाजूंनी वाफ सोडत होता. कापली ती नवी रिंग होती. जुनी कुकरात होती. दिलीपराव एवढंच म्हणाले की आता कुकरचा आवाज बंद झाला आहे, ही बाबही सभेपुढे ठेवता येईल.

मग मला लोकर आठवली. पूर्वी बाळाच्या टोपड्याला आम्ही गोंडे करायचो. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायची, मध्ये बांधायची, कडा कापायच्या की गुबगुबीत गोंडा तयार. लोकर आवाज खाते हे मला ठाऊक होतं. एक्सचेंजमध्ये कानाला लावायच्या यंत्राला आम्ही थंडीत लोकरीची टोपणं घातली होती, तेव्हा गिऱ्हाइकाचं ओरडणं निम्म्यानं कमी व्हायचं. रुतिकाच्या पहिल्या स्वेटरची लाल आणि पिवळी लोकर शिल्लक होती. दोन गोंडे केले, दोरीला वर एक आणि खाली एक असे घट्ट बांधले.

धनुष्याकडे बघून पोळ्याचा बैल आठवत होता. पण आवाज म्हणाल तर, उशीवर कोणी बसावं तेवढाच. बाण खाली गेला, अगदी ठोकळ्याच्या पायाशी. साइट हलवली. पुन्हा मारला, मध्यात बसला. मी तिथेच दगडावर टेकून जाईला मनातल्या मनात दोनचार गोष्टी ऐकवल्या.

पुढच्या दिवशी अमावास्या होती. मी याचा विचार केला नव्हता, कारण बाण मारायला मुहूर्त लागतो असं मितेश सरांनी सांगितलं नव्हतं. सातव्या-आठव्या बाणाला खालचा गोंडा सुटला आणि कुठे गेला ते कळलं नाही. मी गवतात शोधला, पाइपांमागे शोधला, सोडून दिला.

तो सुनयनाबाईंच्या खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला होता. लाल-पिवळा, गुबगुबीत, मध्ये काळ्या दोऱ्यानं करकचून बांधलेला. काळाच दोरा हाताला लागला होता, त्याला मी काय करू? बाई ध्यानातून डोळे उघडतात तर समोर हे. त्यातून त्याच वेळी दिवाळे गावातून येसूबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली. येसूबाई गेली तीस वर्षं आमच्या इमारतीत येते आणि कुठल्याही विषयावर तिचं मत तयार असतं.

"ह्या कोनी ठेवला गो इथं?" येसूबाईनं विचारलं.

"मला काय माहीत. काय आहे हे?"

"ह्या काय बरा दिसत नाय हा बाय. हात नको लावू. लाल हाय, पिवला हाय, कालं बांधलंय. आनि आज आवस हाय."

विश्वाच्या ऊर्जेशी रोज सकाळी बोलणाऱ्या सुनयनाबाईंनी खिडकीला आतून कडी घातली, कट्ट्यावर मीठ टाकलं आणि इंद्रजितला फोन केला. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर गोंड्याचा फोटो फिरत होता. कोणी म्हणे खालीच जाळून टाका, कोणी म्हणे जाळू नका, पसरतं. पलीकडच्या विंगमधल्या एकांनी लिहिलं की भाडेकरूंची नीट चौकशी करूनच घरं द्यावीत. सुनयनाबाई भाडेकरू आहेत हे ते विसरले होते.

मी फोटो बघितला आणि माझा गोंडा ओळखला. स्वतःच्या हाताची कापणी कोणाला ओळखू येत नाही? जिना उतरून खाली गेले आणि सगळ्यांच्या देखत तो उचलून पर्समध्ये टाकला. माणसं चार पावलं मागे सरली.

"माझा आहे," मी म्हटलं. "धनुष्याचा."

येसूबाई पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "आजे, धनुष्याला टोपरा कशाला घालतंस? त्याला सर्दी व्हते काय?"

सर्दीचा विषय निघाला आणि मंडळी हसली, म्हणून निभावलं. इंद्रजित मात्र संध्याकाळी पुन्हा आला.

"काकू, हात जोडतो. आवाजाचं एक वेळ मी सांभाळून घेईन. करणीचं माझ्याच्यानं होणार नाही. उपविधीत त्याला कलमच नाही."

मग मी माघार घेतली आणि विकतचे ते सुरवंट मागवले. सुरवंट दोरीला चढले. साइट तिसऱ्यांदा हलवली. आणि मान्य करायला हवं, वस्तू चांगली होती. फोमच्या ठोकळ्यामागे मी जुनी गादीही लावली. आता बाण सुटल्याचा आवाज नाही, लागल्याचा आवाज नाही. मी कळ दाबायची आणि बाण इथला नाहीसा होऊन तिथे उगवायचा. रविवारच्या सभेतून विषय निघून गेला. सुनयनाबाईंनी जिन्यात मला नमस्कार केला. आमच्या घरी शिरा झाला.

सोमवारी इमारतीत पाणी आलं नाही.

पंपाची खोली माझ्या पट्ट्याच्या तोंडाशी आहे. वॉचमन रोज सकाळी तिथे जाऊन पंप लावतो. पूर्वी तो कोपऱ्यावर उभा राहून ऐकायचा. ठण्ण, ठण्ण, ठण्ण चाललं आहे म्हणजे मावशी मारतायत, थांबायचं. शांत झालं म्हणजे मावशी बाण काढायला गेल्या, जायचं. आता तो कोपऱ्यावर उभा होता आणि सगळं शांत होतं. आणि त्या शांततेत मी बाण मारत होते. त्यानं कोपऱ्यातून डोकं बाहेर काढलं, त्याच क्षणी पलीकडे ठोकळ्यात एक बाण आपोआप उगवला, आणि त्यानं डोकं जे आत घेतलं ते ड्युटी संपेपर्यंत. टाकी कोरडी पडली. ऑफिसला जाणारी माणसं साबण लावलेल्या अवस्थेत ग्रुपवर लिहीत होती.

तातडीची सभा जिन्यातच झाली. पहिल्या मजल्यावरची नमिता म्हणाली, "आधी आवाज यायचा तेव्हा निदान कळायचं की काकू कुठे आहेत. आता मुलांना मागे सोडायला भीती वाटते."

"मुलांनी मागे जायचंच नाही आहे," मी म्हटलं.

"हो, पण न जाताही भीती वाटते ना."

दिलीपराव उठून उभे राहिले आणि त्यांनी ठराव मांडला. बायकोच्या बाजूनं बोलावं एवढी माझी अपेक्षा होती. पण माणसाला सभा दिसली की त्याच्यातला कारकून जागा होतो. "प्रत्येक बाणापूर्वी पूर्वसूचनार्थ शिट्टी वाजवण्यात यावी." ठराव एकमतानं मंजूर झाला. शिट्टी कोण वाजवणार असं विचारल्यावर त्यांनीच हात वर केला. निवृत्तीनंतर एवढं चकाकलेलं त्यांचं तोंड मी पाहिलं नव्हतं.

म्हणजे हिशेब असा झाला की धनुष्याचा आवाज जावा म्हणून मी रबर लावलं, आणि आवाज गेला म्हणून नवरा शिट्टी वाजवू लागला. शिट्टी रेल्वेच्या गार्डाची असते तशी होती. ती सेक्टरच्या बागेपर्यंत ऐकू जात होती. आणि ह्यांना ती लांबवण्याची हौस.

तीन-चार दिवस मी हे सोसलं. नेम धरायचा, श्वास आवरायचा, आणि कानाशी फुर्रर्र. माझे बाण कातळावर जाऊन बोथट व्हायला लागले. स्पर्धा पुढच्या आठवड्यात आली होती. मी मनाशी चांदीच्या रंगाची तयारी करत होते आणि "सध्या काय?" ला आणखी एक "काही नाही गं" जुळवत होते, तेवढ्यात सुनयनाबाई स्वतः घरी आल्या. चहाला नाही म्हणाल्या नाहीत, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

"ताई, ती शिट्टी," त्या म्हणाल्या. "माझी न्यू जर्सीची साधक खूप खोल गेली होती. दोन शिट्ट्या झाल्या आणि ती उठली आणि गॅस बंद करायला गेली."

"कुकर लावला होता का तिनं?"

"नाही ना. सवयीनं गेली. गेली ती परत आलीच नाही. दुबईची तर म्हणाली, मला आता डोळे मिटले की वरणाचाच वास येतो."

मी गंभीर चेहरा ठेवला. टेलिफोन ऑपरेटरला ते जमतं.

"आणि खरं सांगू का," त्या कप खाली ठेवत म्हणाल्या, "ते आधीचं ठण्ण त्यांना आवडत होतं. मध्ये तुमचं बंद झालं तेव्हा लातूरचे गृहस्थ विचारत होते, ती घंटा का थांबवलीत म्हणून. मी काय सांगणार? म्हटलं, साधनेचा पुढचा टप्पा आहे."

"मग तक्रार का केलीत?"

"कारण ते केव्हाही व्हायचं. केव्हा होणार हे माहीत असतं ना, तर मी त्यालाच नाद म्हटलं असतं."

माणसाला आवाजाचा त्रास होत नाही, आवाज आपल्याला न विचारता झाला याचा होतो. हे आमच्या खाणीचा भोंगा वाजवणाऱ्याला बरोबर कळलं होतं. आम्ही दोघींनी तिथेच तह केला. मी रबर काढायचं, ह्यांची शिट्टी जप्त करायची. सुनयनाबाईंनी खिडकी उघडी ठेवायची. त्या साधकांना सांगणार, श्वास आत, धरून ठेवा, आणि आता सावकाश बाहेर. "बाहेर" ऐकलं की मी कळ दाबायची. वॉचमनला त्याची घंटा परत मिळाली, पंप वेळेवर लागला, आणि इंद्रजितच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच दुःख नसलेलं पाहिलं. तो जरा रिकामाच दिसत होता. दिलीपरावांनी जप्तीची पावती मागितली.

आणि माझा नेम बसला. सुनयनाबाईंच्या श्वासावर बाण असे सुटू लागले की मितेश सरांनी व्हिडिओ बघून विचारलं, "आजी, तुम्ही दुसरा कोच लावला काय?"

स्पर्धेच्या मैदानावर जाई भेटली. तिनं मान तिरकी केली.

"अगं, तू? इथे? मग, सध्या काय?"

"हेच," मी धनुष्य दाखवून म्हटलं. वाक्य छोटं झालं, पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यात "काही नाही" नव्हतं.

तिचं धनुष्य बघण्यासारखं होतं. पुढे लांब दांडा, बाजूला आडवा दांडा, दोरीवर सुरवंट, धनुष्याच्या वाकत्या फळ्यांवर सुरवंट, दोरी जिथे येऊन थांबते तिथे रबराची टोपी. सगळं लेकानं पाठवलेलं. बाण सोडायची तर झुरळ फिरल्याएवढाही आवाज नाही. सुटला की नाही हे बघायला समोर पाहावं लागे. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो, आणि दर खेपेला माझी दोरी वाजली, ठण्ण, की जाईचा खांदा दचकून वर जायचा. दोनदा तिचा बाण कडेच्या पांढऱ्यात गेला.

तिनं पंचांना हात केला. "सर, हिचं केवढं वाजतंय. काहीतरी करा."

पंच तरुण आणि नियमाचे पक्के होते. "मॅडम, धनुष्याच्या आवाजाला नियम नाही."

माझ्या सोसायटीतल्या तक्रारी आणि सभा त्या क्षणी सार्थकी लागल्या.

पण मीही काही सुखात नव्हते. इथे खिडकी नव्हती. "बाहेर" म्हणणारं कोणी नव्हतं. मी नेम धरायची आणि वाट बघत उभी राहायची. मग वेळ संपत आली की घाबरून कशीतरी कळ दाबायची. त्यामुळे तिचे दचकून गेलेले आणि माझे घाबरून गेलेले, असे गुण जवळपास बरोबरीनं चालले. शेवटच्या बाणाला दोघी अगदी सारख्यावर आलो.

मी दोरी ओढली. वजन नाहीसं झालं. समोर पिवळं वर्तुळ स्वच्छ दिसत होतं, त्याच्या मधली बारीक फुलीसुद्धा. श्वास आत घेतला, धरला आणि उभी राहिले. कानात सुनयनाबाईंचा आवाज आणायचा प्रयत्न केला तर येसूबाईचा आला. घड्याळातले आकडे खाली उतरत होते.

शेजारी जाईही ओढून उभी होती आणि सोडत नव्हती. मला वाटलं, नेम धरतेय. नंतर कळलं की ती माझं ठण्ण होऊन जायची वाट बघत होती. आधी ते वाजू दे, मग निवांत मारू, असा तिचा बेत. अशा आम्ही दोघी म्हाताऱ्या, दोऱ्या कानापर्यंत ओढलेल्या, एकीसाठी दुसरी थांबलेली.

शेवटी जाईला राहवलं नाही. "अगं, धरून काय ठेवलायस," ती दातांतून म्हणाली, "श्वास टाक ना बाहेर एकदाचा."

माझ्या बोटानं मला न विचारताच कळ दाबली. ठण्ण. बाण फुलीवर.

पंचांनी जाईला प्रतिस्पर्ध्याशी बोलल्याबद्दल ताकीद दिली. ती ताकीद ऐकता ऐकता तिनं घाईनं बाण सोडला, तो निळ्यात गेला.

पदक गळ्यात पडल्यावर रुतिकानं फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. सुनयनाबाईंनी तो साधकांच्या ग्रुपवर टाकला, ध्यानावस्था म्हणून.

दोरीला ते रबर लावावं की नाही, असं हल्ली मैदानावर नवीन लोक मला विचारतात. मी सांगते, हरीण मारायचं असेल तर जरूर लावा. शेजारी राहायचं असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा. आणि स्पर्धेला जाणार असाल तर दुसरीला लावू द्या.

त्याच दिवशी, पदकानंतर चहाच्या टपरीवर जाई माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या धनुष्याची वरची कप्पी बघितली, खालची बघितली, दोरीवरून बोट फिरवलं.

"कुठे बसवलंयस गं?" तिनं हळूच विचारलं.

"काय?"

"ते वाजायचं. आता लपवू नकोस. नाव सांग कंपनीचं, लेकाला कळवते. आठवड्यात पाठवेल तो."